बिल्डचा ‘उरलेला वेळ’ चुकीचा दिसतो : चूक नेमकी कुठे आहे, कशी शोधायची?

उंबरठा (धागाकर्ता)

सी++ चा प्रकल्प आहे. सीमेक निंजासाठी, म्हणजे प्रत्यक्ष बिल्ड (सोर्समधून प्रोग्रॅम बांधणं) चालवणाऱ्या साधनासाठी, फाइली बनवतं; निंजा १.१२ आहे. यंत्राला ८ कोअर, समांतर जॉबही ८. आकडे सोयीसाठी गोल केले तर चित्र असं: ८०० कंपाइलची कामं (एकेका सोर्स फाइलचं भाषांतर), प्रत्येकी साधारण २ सेकंद, आणि सगळ्यात शेवटी एक मोठं लिंक (ते सगळे तुकडे जोडणं), ६० सेकंदांचं. पूर्ण बिल्डला २६० सेकंद लागतात.

त्रास दोन आहेत. २०० व्या सेकंदाला कंपाइल संपतात तेव्हा उरलेला वेळ ७-८ सेकंद दिसतो, आणि मग पूर्ण मिनिट जातं. दुसरं म्हणजे, सीकॅश (आधी झालेलं कंपाइल साठवून पुन्हा देणारं साधन) चालू ठेवून बिल्ड केला आणि त्यानंतर सगळीकडे वापरली जाणारी एखादी हेडर फाइल बदलली, की पुढच्या बिल्डमध्ये निम्मं काम झाल्यावर ४० सेकंदांच्या आत उरलेत असं दिसतं. प्रत्यक्षात १६० उरलेले असतात.

दोन्ही एकाच कारणाने होतंय की वेगवेगळ्या? निंजाचा कोड वाचायची तयारी आहे, पण त्याआधी काय मोजावं ते सांगा.

---

कातळ

कोड उघडायच्या आधी अंदाजाचा आलेख काढा. आलेखाचा आकार पाहिला की कारणांपैकी निम्मी तिथेच गळतात.

स्टेटसच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये चार गोष्टी छापायला सांगा: टक्का-चिन्हापुढे स्मॉल एफ म्हणजे संपलेल्या एज (एज म्हणजे निंजाचं एक काम, एक कमांड), स्मॉल टी म्हणजे एकूण एज, स्मॉल ई म्हणजे गेलेले सेकंद, कॅपिटल ई म्हणजे उरलेले सेकंद. शेवटचं चिन्ह १.१२ पासूनच आहे. तास-मिनिटांत छापणारी डब्ल्यूची चिन्हंही आहेत, पण ती डोळ्यांनी वाचायला बरी. हिशेबाला सेकंदच घ्या. मग निंजाचं आउटपुट फाइलमध्ये वळवा. टर्मिनलवर एकच ओळ पुन्हा पुन्हा पुसून लिहिली जाते. फाइलमध्ये प्रत्येक संपलेल्या एजची ओळ वेगळी राहते.

बिल्ड संपल्यावर शेवटच्या ओळीतला गेलेला वेळ म्हणजे खरा एकूण वेळ. त्यातून प्रत्येक ओळीचा गेलेला वेळ वजा केला की त्या क्षणी खरोखर किती उरला होता ते मिळतं. दाखवलेला भागिले खरा, हे गुणोत्तर आडव्या अक्षावर गेलेला वेळ घेऊन काढा.

आता आकार बघा. गुणोत्तर सुरुवातीला १ च्या बरंच खाली असेल आणि हळूहळू १ कडे येत असेल, तर जुन्या नोंदी (मागच्या बिल्डमध्ये प्रत्येक एजला लागलेला वेळ) फार कमी वेळाच्या आहेत. सुरुवातीला १ च्या वर असून खाली येत असेल, तर जुन्या नोंदी फुगलेल्या आहेत. बहुतेकदा मागचा बिल्ड यंत्रावर दुसरं जड काम चालू असताना झालेला असतो किंवा जॉब कोअरच्या दुप्पट दिलेले असतात. बहुतांश वेळ ठीक आणि शेवटी एकदम कोसळत असेल, तर दोष नोंदींचा नाही, समांतरपणाच्या गृहीतकाचा आहे. एकूण एजचा आकडाच मध्ये बदलत असेल तर वेगळाच शोध. आणि एखाद्या क्षणी उभी उडी किंवा ऋण आकडा दिसला तर घड्याळ किंवा पूर्णांकाची मर्यादा तपासा.

एक सावधगिरी: फाइलमध्ये एज संपल्यावरच ओळ येते, म्हणून शेवटच्या लिंकच्या ६० सेकंदांत ओळच येणार नाही. २०० नंतर थेट २६०. आलेखातली ती रिकामी जागा हीच महत्त्वाची नोंद आहे.

---

मृद्गंध

कातळ यांनी सांगितलेली पद्धत बरोबरच आहे. निंजाचा हिशेब कसा चालतो तेही इथे मांडतो, म्हणजे आलेखाचा अर्थ लावता येईल. हा कोड स्टेटस छापणाऱ्या भागात आहे, फार मोठा नाही.

बिल्डची योजना ठरताना प्रत्येक एजसाठी निंजाच्या लॉगमध्ये (झालेल्या एजच्या वेळा नोंदणारी फाइल) मागचा वेळ आहे का ते पाहिलं जातं. असेल तर ती ‘अंदाज करता येणारी’, नसेल तर ‘न येणारी’. एज संपली की तिला या वेळी लागलेला वेळ एका बेरजेत जातो. कोडमध्ये त्या बेरजेचं नाव सीपीयू टाइम असलं तरी मोजला जातो तो एज सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा वेळ. प्रोसेसर दुसरीकडे अडकला, डिस्कची वाट पाहिली, तरी तो काळ त्यात धरला जातो.

मग तीन पायऱ्या. संपलेल्या एजचा खरा वेळ अधिक उरलेल्या ओळखीच्या एजचा जुना वेळ, यावरून एका एजची सरासरी निघते. अनोळखी प्रत्येक एजला हीच सरासरी चिकटवली जाते. संपलेल्या कामाची बेरीज भागिले एकूण कामाची बेरीज, हा झाला पूर्ण झालेला अंश. गेलेल्या वेळेला या अंशाने भागलं की एकूण अंदाज, आणि त्यातून गेलेला वेळ वजा केला की उरलेला.

तुमच्या आकड्यांवर लावून पाहू. एकूण काम ८०० गुणिले २ अधिक ६० म्हणजे १६६० सेकंद. २०० व्या सेकंदाला १६०० संपलं. अंश ०.९६४. एकूण अंदाज २०७.५, उरले ७.५. तुम्हाला दिसलेला आकडा हाच. म्हणजे जुनी नोंद अचूक असूनही, लिंकला ६० सेकंद लागतात हे निंजाला ठाऊक असूनही, उत्तर ७.५ येतं, कारण आतापर्यंत ८ कामं एकदम चालली तशीच पुढेही चालतील असं हा हिशेब धरतो. ६० भागिले ८ म्हणजे ७.५.

पुढची खूण यातूनच मिळते. चालू असलेल्या एजचं अर्धवट काम हिशेबात धरलं जात नाही. लिंक चालू असताना अंश ०.९६४ वरच थांबतो आणि गेलेला वेळ वाढत राहतो, म्हणून उरलेला वेळ कमी व्हायच्या जागी वाढतो: २४० व्या सेकंदाला हिशेब केला तर ९, संपायच्या तोंडाशी ९.७५. उरलेला आकडा गेलेल्या वेळेच्या प्रमाणात सावकाश चढत असेल, तर एखादी लांब एज एकटी चालू आहे असं समजा.

---

अनुस्वार

मग चालू एजचं अर्धवट काम श्रेयात धरलं तर सुटेल ना? जुना वेळ ६० असेल आणि ४० गेले असतील तर ४० धरायचे. पॅच १०-१२ ओळींचा होईल.

---

मृद्गंध

@अनुस्वार, तेवढ्याने अंदाज आणखी बिघडतो. २४० व्या सेकंदाला अंश १६४० भागिले १६६० म्हणजे ०.९८८. एकूण अंदाज २४२.९, उरले २.९. खरे २० उरलेत. आधी ९ दिसत होते, आता २.९. आकडा उतरत्या दिशेने जातो म्हणून सुधारल्यासारखा वाटतो, पण चूक वाढलेली असते. श्रेय धरायला हवंच, पण समांतरपणाचं गृहीतक दुरुस्त केल्यावर. आधी नाही.

---

पारिजात

समांतरपणाची दुरुस्ती करायची तर तीन संख्या लागतात, आणि तिन्ही ग्राफ (कोणती एज कशावर अवलंबून आहे याची जाळी) आणि लॉगमधून काढता येतात.

पहिली, उरलेलं एकूण काम भागिले जॉबची संख्या. दुसरी, उरलेल्या ग्राफमधला सगळ्यात लांब परावलंबी मार्ग, म्हणजे क्रिटिकल पाथ. एजच्या जुन्या वेळांची बेरीज घेऊन. तिसरी, प्रत्येक पूलसाठी (एकाच वेळी ठराविक संख्येइतकीच चालू शकणाऱ्या कामांचा गट; ती संख्या म्हणजे खोली) त्यातलं उरलेलं काम भागिले पूलची खोली. या तिन्हींत जी मोठी, तिच्यापेक्षा लवकर बिल्ड संपूच शकत नाही.

पूल विसरू नका. लिंकर मेमरी खातो म्हणून सीमेकमध्ये लिंकसाठी वेगळा जॉब पूल देण्याची पद्धत आहे. समजा एका लिंकऐवजी ३० सेकंदांची २० लिंक आहेत, पूलची खोली २, आणि सगळी कंपाइलनंतरच सुरू होतात. लिंकचं काम ६०० सेकंदांचं. निंजाचा हिशेब २०० व्या सेकंदाला ७५ म्हणेल, प्रत्यक्षात ३०० लागतील. चौपट फरक, आणि त्यात लॉगचा काहीही दोष नाही. कन्सोल पूलची खोली तर १ च असते; टेस्ट किंवा इन्स्टॉलची पायरी त्यात असेल तर तिच्यासोबत त्या पूलमधलं दुसरं काही चालत नाही.

वरची मर्यादाही मिळते. रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ मध्ये समांतर यंत्रांवरच्या कामांच्या वेळापत्रकासाठी सिद्ध केलेली मर्यादा इथे चपखल बसते: काम भागिले जॉब, अधिक क्रिटिकल पाथ गुणिले (१ वजा १ भागिले जॉब). मोकळा जॉब असताना तयार काम अडवून ठेवायचं नाही, एवढीच अट. पूल असतील तर ही अट मोडते, तेव्हा ती जशीच्या तशी वापरू नका.

उंबरठा यांच्या बिल्डला लावली तर काम १६६०, जॉब ८, क्रिटिकल पाथ ६२ (एक कंपाइल आणि लिंक). खालची मर्यादा २०७.५, वरची २०७.५ अधिक ५४.२५ म्हणजे २६१.७५. खरे २६०. निंजाचा अंदाज खालच्या मर्यादेला चिकटून बसतो आणि तुमचा ग्राफ वरच्या मर्यादेजवळ चालतो.

याच अभ्यासातली दुसरी गोष्टही लक्षात असू द्या: यंत्रं वाढवून किंवा एखादं काम लहान करूनही एकूण वेळ वाढू शकतो, कारण क्रम बदलतो. त्यामुळे ‘जॉब ८ चे १२ केले, म्हणजे वेळ दोन तृतीयांश’ असा त्रैराशिक हिशेब धरू नये. खरा आकडा हवा असेल तर जुन्या वेळा वजन म्हणून घेऊन ग्राफ कागदोपत्री चालवून बघायचा: तयार एजची रांग, मोकळे जॉब, पूलची खोली. काही हजार एजसाठी हे गणित क्षणात होतं.

---

रानवाट

निंजा १.१२ क्रिटिकल पाथप्रमाणे प्राधान्य देतो ना? मग लांब कामं आधीच सुरू व्हायला हवीत.

---

मृद्गंध

देतो, पण १.१२ मध्ये प्रत्येक एजचं वजन सारखंच १ आणि फोनीचं (कमांड नसलेल्या, नावापुरत्या एजचं) ०. लॉगमधल्या वेळा तिथे वापरल्या जात नाहीत. म्हणजे ज्या एजच्या पुढे जास्त पायऱ्या आहेत ती आधी, तिला लागणारा वेळ कितीही असो. यंत्राने तयार केलेली एखादी अवाढव्य फाइल, जिला एकटीला ५० सेकंद लागतात, तिच्यापुढे बाकीच्यांइतक्याच पायऱ्या असतील तर ती रांगेत कुठेही पडू शकते. शेवटी पडली तर लिंकच्या आधीच आणखी एक एकेरी टप्पा तयार होतो. आलेखात तो लिंकसारखाच दिसतो, म्हणून लॉगमध्ये शेवटच्या काही एज नेमक्या कोणत्या, ते पाहिल्याशिवाय लिंकरवर ठपका ठेवू नका.

---

कातळ

आता सीकॅशचा प्रश्न. याच्यावर निंजात एक बचाव आहे, आणि तो कधी लागू होतो ते कळलं की दुसरं लक्षण उलगडतं.

बिल्डला किमान १५ सेकंद झाले असतील आणि किमान ५ टक्के एज संपल्या असतील, तर निंजा दोन सरासरी ताडून पाहतो: या वेळी संपलेल्या एजची आणि योजनेतल्या ओळखीच्या एजच्या जुन्या वेळांची. त्यांच्यात १० पट किंवा जास्त फरक असेल तर जुन्या वेळा पूर्णपणे बाजूला ठेवतो. मागचा बिल्ड अख्खा कॅशमधून आला आणि आताचा खरोखर कंपाइल होतोय, अशा प्रसंगासाठीच ते आहे.

अडचण अर्धवट कॅशमध्ये आहे. समजा मागच्या वेळी ७० टक्के फाइली कॅशमधून ०.०५ सेकंदात आल्या आणि ३० टक्के २ सेकंदांत कंपाइल झाल्या. कंपाइलची जुनी सरासरी ०.६३५, लिंक धरून एकूण सरासरी ०.७१. आताची २. फरक २.८ पट, म्हणून बचाव लागू होत नाही. निम्म्या फाइली झाल्यावर, म्हणजे १०० व्या सेकंदाला, झालेलं काम ८००, उरलेलं जुन्या नोंदींप्रमाणे २५४ अधिक लिंकचे ६०. अंश ०.७१८, उरले ३९. खरे १६०. उंबरठा यांचं दुसरं लक्षण हेच असणार. १२१ सेकंदांच्या चुकीपैकी ६८ कॅशच्या जुन्या नोंदींमुळे आणि ५३ च्या आसपास त्या एकेरी टप्प्यामुळे. कारणं दोन आहेत आणि बेरजेने येतात.

बचाव लागू झाला तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. मागचा बिल्ड शंभर टक्के कॅशमधून आला असेल तर जुनी सरासरी ०.१२५, फरक १६ पट, जुन्या नोंदी रद्द. पण त्यासोबत लिंकची ६० सेकंदांची अचूक नोंदही रद्द होते आणि लिंकला सरासरीचे २ सेकंद मिळतात. कंपाइल संपतात तेव्हा पाव सेकंद उरला असं दिसतं आणि मग तेच मिनिट. माझ्या मते निर्णय सगळ्या एजसाठी एकत्र घेण्यापेक्षा कमांडच्या प्रकारानुसार, कंपाइल वेगळे आणि लिंक वेगळे, असा घ्यायला हवा.

तपासायची रीत: सीकॅशची आकडेवारी शून्यावर आणा, बिल्ड करा, मग आकडेवारी वाचा. हिटचं प्रमाण आणि आलेखाचं सुरुवातीचं गुणोत्तर शेजारी लिहून ठेवा. नंतर सीकॅश बंद ठेवून एक पूर्ण बिल्ड करा, म्हणजे लॉगमध्ये खऱ्या कंपाइलच्या वेळा येतील. निंजाच्या क्लीन टूलने आउटपुट पुसा, लॉग तसाच राहतो. सीकॅश बंदच ठेवून पुन्हा बिल्ड करा. या बिल्डचा आलेख शेवटचा टप्पा सोडून १ च्या जवळ आला तर नोंदींचा दोष पक्का झाला.

---

उंबरठा

मोजलं. दोन्ही आकार दिसतात: कॅशनंतरच्या बिल्डमध्ये गुणोत्तर ०.२५ पासून सुरू होतं, कॅशविना केलेल्या दुसऱ्या बिल्डमध्ये शेवटचा टप्पा सोडला तर ठीक आहे.

लॉगमधून एकूण काम काढायला गेलो तर बेरीज जुळत नाही. १६६० च्या जागी १९०० च्या वर येते. शेवटचा वजा सुरुवातीचा, असं प्रत्येक ओळीला करून बेरीज घेतली.

---

कातळ

ओळीत टॅबने वेगळे केलेले पाच रकाने असतात: सुरुवात, शेवट (दोन्ही मिलिसेकंदांत, त्या बिल्डच्या आरंभापासून), ताजेपणा ताडण्यासाठीचा वेळेचा ठसा, आउटपुटचं नाव, कमांडचा हॅश (कमांडवरून काढलेला छोटा ओळख-आकडा).

बेरीज फुगण्याची दोन कारणं. एका एजला दोन आउटपुट असतील तर दोन ओळी येतात, सुरुवात-शेवट-हॅश तेच. शेअर्ड लायब्ररी आणि तिची इंपोर्ट फाइल, किंवा एकाच वेळी हेडर आणि सोर्स काढणारे जनरेटर, यांत हे हमखास होतं. हे तिन्ही रकाने सारखे असलेल्या ओळी एकच धरा.

दुसरं कारण, लॉगमध्ये ओळी मागे जोडल्या जातात. त्याच आउटपुटची जुनी ओळ आपोआप लगेच पुसली जात नाही, फाइल खूप फुगली की निंजा ती आवळतो. बेरजेसाठी प्रत्येक आउटपुटची सगळ्यात खालची ओळ घ्या. किंवा निंजाचं रीकॉम्पॅक्ट टूल चालवा, पण आधी फाइलची प्रत ठेवा: आवळल्यावर ओळींचा मूळ क्रम राहत नाही. तो क्रम का लागतो? ओळी एज संपल्याच्या क्रमाने लिहिल्या जातात, म्हणून शेवटाचा रकाना एकदम मागे गेला की तिथून नवा बिल्ड सुरू झाला हे कळतं. क्रम गेला की वेगवेगळ्या बिल्डच्या वेळा एकाच पट्टीवर येऊन पडतात, आणि त्यावर काढलेला समांतरपणाचा आलेख निरर्थक ठरतो.

फसलेल्या एजची नोंद लॉगमध्ये जात नाही, तेव्हा ‘एरर आलेल्या बिल्डमुळे वेळा बिघडल्या’ ही शक्यता सोडून द्या. मात्र प्रत्येक आउटपुटची एकच, शेवटची वेळ वापरली जाते, सरासरी नाही. मागच्या बिल्डच्या वेळी यंत्रावर दुसरं काही चालू असेल तर तोच फुगलेला आकडा पुढच्या बिल्डच्या हिशेबात येतो. स्वतःचं साधन लिहीत असाल तर शेवटच्या ५ वेळांचा मध्यक ठेवा.

---

रानवाट

एकूण एजचा आकडा मध्येच घटतो ती बाब राहिली. रीस्टॅट लावलेल्या नियमात आउटपुट बदललंच नाही असं निघालं, तर त्यावर अवलंबून असलेल्या एज योजनेतून काढल्या जातात. प्रोटोकॉल फाइलींवरून कोड काढणारे जनरेटर असले की शेकडो एज एका क्षणात गळू शकतात आणि अंदाज दचकतो. तो बिघाड नाही, त्या क्षणाआधी कुणालाच ते ठाऊक नसतं. एक्सप्लेनचा डीबग पर्याय लावला की कोणती एज कशामुळे चालवावी लागतेय ते छापून येतं; अपेक्षेपेक्षा जास्त एज योजनेत दिसत असतील तर आधी तिथे बघा.

बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात. सीमेकच्या मेकफाइलमधली टक्केवारी ही पायऱ्यांची मोजणी आहे, वेळेची नाही. तिच्यावरून उरलेला वेळ काढू नये. बॅझेल काम करता करता नव्या कृती शोधतं, म्हणून त्याचा छेदातला आकडा वाढत जातो. त्याची प्रोफाइल फाइल काढली तर क्रिटिकल पाथ आयता मिळतो. जेन्किन्स मागच्या मोजक्या बिल्डच्या सरासरीवर चालतो. पूर्ण बिल्ड आणि थोड्या बदलाचे बिल्ड एकाच जॉबमध्ये असतील तर ती सरासरी दोघांच्याही कामाची नसते. जॉब वेगळे करा.

---

अनुस्वार

सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) कंटेनरमध्ये दर वेळी कोरी डिरेक्टरी असते, लॉगच नसतो. तिथे लॉगची फाइल कॅश करून परत ठेवली तर चालेल का?

---

कातळ

चालेल, पण बिल्ड डिरेक्टरी रिकामी असेल तेव्हाच. लॉगमधला कमांडचा हॅश अंदाजासाठी नसून एज शिळी झाली का हे ठरवण्यासाठी आहे. जुनी आउटपुट पडलेली असताना दुसऱ्या ठिकाणचा नवा लॉग आणून ठेवला, तर जुन्या फ्लॅगने बनलेली फाइल ताजी समजली जाऊ शकते. चुकीचा अंदाज परवडला, चुकीची बायनरी नाही.

निंजाची आवृत्ती बदलताना लॉगचा नमुना बदलला असेल तर जुना लॉग टाकून दिला जातो आणि सगळं पुन्हा बनतं. अपग्रेडनंतरचा पहिला बिल्ड अंदाजाच्या तपासातून वगळा.

लॉग नसताना सगळा अंदाज आधी संपलेल्या एजच्या सरासरीवर उभा राहतो. सुरुवातीला फाइल कॉपी करणं, आवृत्तीची हेडर लिहिणं अशी १० मिलिसेकंदांची कामं आली की सरासरी खोटी कमी येते. हेही सुरुवातीच्या कमी गुणोत्तराचं एक कारण आहे, आणि कॅशशी त्याचा संबंध नाही.

कंटेनरमध्ये सीग्रुपच्या (लिनक्समध्ये प्रोसेसर-मेमरीवर मर्यादा घालणारी सोय) सीपीयू कोट्याकडेही बघा. कोटा ४ कोअरचा आणि जॉब १६ असतील तर प्रत्येक एजचा वेळ फुगतो. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत सीपीयूच्या स्टॅट फाइलमध्ये किती वेळा रोखलं आणि किती मायक्रोसेकंद रोखलं हे दोन्ही आकडे असतात. बिल्डच्या आधी आणि नंतर वाचून वजाबाकी करा. मोठा फरक दिसला तर जॉब कोट्याइतके करा.

---

पारिजात

घड्याळाबद्दल, मुख्यतः स्वतःचं साधन लिहिणाऱ्यांसाठी. कालावधी मोजायला मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारं) घड्याळच वापरा, सी++ मध्ये स्टेडी क्लॉक. तारखेचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या सोयीने) मागेपुढे सरकतं आणि एखादी एज ऋण वेळात संपते. लिनक्सवरचं मोनोटॉनिक घड्याळ यंत्र झोपलं असताना थांबतं, बूटटाइम थांबत नाही. गेलेला वेळ एका घड्याळाने आणि एजचा वेळ दुसऱ्याने मोजला तर लॅपटॉप उघडल्यावर अंदाज भलतीकडे जातो.

मायक्रोसेकंद ३२ बिटच्या चिन्हासहित पूर्णांकात ठेवले असतील तर ३५ मिनिटं ४७ सेकंदांना आकडा उलटतो, चिन्हाविना असतील तर ७१ मिनिटं ३५ सेकंदांना. बिघाड नेमका या वेळेला दिसला तर आणखी शोधू नका. आणि वेग काढताना पूर्णांकांचा भागाकार झालाय का ते पाहा: ७ एज भागिले ८ सेकंद याचं उत्तर ० आलं की पुढचा सगळा हिशेब गेला.

---

मृद्गंध

@उंबरठा, कोडला हात लावणार असाल तर आधी कृत्रिम बिल्ड करून घ्या. त्यात कंपायलर नाही, कॅश नाही, प्रोसेसरची ओढाताण नाही, फक्त हिशेब उरतो. हाताने एक निंजा फाइल लिहा: २ सेकंद झोपून एक फाइल टच करणाऱ्या ८० एज, आणि त्या सगळ्यांवर अवलंबून असलेली ३० सेकंद झोपणारी एक. जॉब ८.

पहिल्या फेरीत, लॉग नसताना, २० व्या सेकंदाला पाव सेकंद उरल्याचं आलं पाहिजे. आउटपुट पुसून दुसऱ्या फेरीत त्याच क्षणी ३.७५. दोन्ही वेळा खरे ३० उरलेले. दाखवलेले आकडे याच्या जवळपास आले तर वर मांडलेला हिशेब तुमच्या आवृत्तीलाही लागू आहे. फार वेगळे आले तर तुमच्या आवृत्तीतला कोड वाचून मगच पॅच लिहा. काम १९०, क्रिटिकल पाथ ३२, म्हणून खालची मर्यादा ३२, वरची ५१.७५, खरा वेळ ५०.

नंतर एकेक गोष्ट बदला. ३० सेकंदांच्या एका एजऐवजी खोली १ च्या पूलमध्ये १० सेकंदांच्या तीन. मग एका कंपाइलला २ ऐवजी २५ सेकंद. मग लॉगमधल्या वेळा हाताने २० ने भागून, बचाव कधी लागू होतो ते. प्रत्येक बदलाला अपेक्षित आकडा आधी कागदावर काढा आणि मगच बिल्ड चालवा.

---

उंबरठा

हे आज लावून बघतो. एक विचार: एकच आकडा दाखवण्याऐवजी पारिजात यांच्या दोन मर्यादा दाखवल्या तर? २०० व्या सेकंदाला उरलेल्या ग्राफवर हिशेब केला तर काम ६०, क्रिटिकल पाथ ६०. खालची मर्यादा ६०, वरची ७.५ अधिक ५२.५, तीही ६०. म्हणजे जिथे निंजा सर्वात जास्त चुकतो तिथेच या दोन मर्यादा एकमेकींना भिडतात.

---

पारिजात

हो, आणि म्हणूनच चालू एजचं श्रेय इथे धरायचं: उरलेलं काम आणि उरलेला मार्ग, दोन्हींतून तिचे झालेले सेकंद वजा. २४० ला दोन्ही मर्यादा २० येतील. एज जुन्या नोंदीपेक्षा लांबली तर उरलेला वेळ शून्याखाली जाऊ देऊ नका. त्या एजचं नाव आणि ‘मागच्या वेळेपेक्षा इतके सेकंद जास्त’ असं छापा. पूल असतील तिथे वरच्या मर्यादेऐवजी ग्राफ कागदोपत्री चालवून आलेला आकडा घ्या.